५४ टक्के कशाचे? चष्म्याचा नंबर, ॲट्रोपिनचे थेंब आणि एक भारतीय अभ्यास

आमच्या नांदगाव खंडेश्वरात एखाद्या लेकराला चष्मा लागला की आतापर्यंत दोनच गोष्टी ऐकू यायच्या. एक, "मोबाईल पाहून पाहून डोळे गेले." दोन, "गाजर खाऊ घाल." आता तिसरी आली आहे. "अमरावतीले नेलं होतं, डॉक्टरनं रात्री टाकाचे थेंब देल्ले. नंबर निम्म्यानं थांबते म्हणे."

यातल्या "निम्म्यानं"वर आजचा लेख आहे. हा शब्द हवेतून आलेला नाही. त्यामागे भारतात झालेला एक रीतसर अभ्यास आहे आणि त्यात ५४ टक्के हा आकडा खरोखर आहे. आकडा खोटा नाही, पण त्याचा अर्थ तुम्हाला वाटतो तो नाही. आणि दर महिन्याला बाटली आणायची की नाही हे ज्या आईबापांनी ठरवायचं आहे, त्यांना तो अर्थ कोणीतरी नीट सांगायला पाहिजे.

आधीच सांगतो, मी डोळ्यांचा डॉक्टर नाही. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता पीएच.डी. करतोय. एखाद्या प्रयोगातून काय सिद्ध झालं आणि काय नाही, हे तपासणं हा माझा विषय. त्यामुळे हा लेख वाचून कोणाचेही थेंब सुरू करू नका आणि बंद तर मुळीच करू नका. वाचून झाल्यावर डॉक्टरांना चार प्रश्न जास्त विचारलेत, तर बरं.

तर आधी डोळा. जन्मलेल्या बाळाचा डोळा समोरून मागे साधारण १७ मिलिमीटर लांब असतो, मोठ्या माणसाचा २३ ते २४. मूल वाढतं तसा डोळाही वाढतो, आणि त्याच वेळी आतलं भिंग हळूहळू चपटं होत जातं, म्हणजे त्याची ताकद कमी होते. लांबी आणि भिंग यांचं हे गणित जुळत राहिलं तर चष्मा लागत नाही. काही मुलांत लांबी भिंगाच्या पुढे पळते. मग दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर न पडता पडद्याच्या अलीकडे पडते आणि फळ्यावरचं दिसेनासं होतं. हीच निकटदृष्टिता, आपल्या भाषेत उणे नंबर. एक मिलिमीटर जादा लांबी म्हणजे ढोबळमानाने अडीच नंबर.

चष्मा प्रतिमा परत पडद्यावर आणतो, पण ताणलेला डोळा चष्म्याने आखूड होत नाही. खरी भीती तिथेच आहे. नंबर उणे सहा, आठ, दहा असा गेला तर पडदा ताणून पातळ होतो. चाळिशी-पन्नाशीनंतर तो सुटण्याचा किंवा त्याचा मधला भाग खराब होण्याचा धोका वाढतो. बुलिमोर आणि ब्रेनन यांनी २०१९ साली अनेक देशांतली माहिती एकत्र करून हिशोब मांडला होता. नंबर एकाने जरी कमी राहिला, तरी पडद्याच्या मधल्या भागाच्या या आजाराची शक्यता साधारण ४० टक्क्यांनी उतरते. म्हणून नंबर वाढण्याचा वेग कमी करणं हे काही डॉक्टरांनी काढलेलं खूळ नाही. प्रश्न एवढाच, की हातातलं साधन वेग किती कमी करतं.

ॲट्रोपिन हे जुनं औषध आहे. डोळा तपासताना बाहुली मोठी करायला ते वापरतात. त्याने डोळ्याची लांबी वाढायची का थांबते, याचं पूर्ण उत्तर अजून कोणाकडे नाही. पूर्वी वाटायचं, की जवळचं पाहताना जो स्नायू आवळतो तो ढिला पडतो म्हणून फायदा होतो. मग कोंबडीच्या पिलांवर प्रयोग झाले. पक्ष्यांच्या डोळ्यातल्या त्या स्नायूवर ॲट्रोपिन चालतच नाही, आणि तरी पिलांच्या डोळ्यांची वाढ मंदावली. म्हणजे काम दुसरीकडेच कुठेतरी, बहुधा पडद्यात किंवा त्यामागच्या थरांत चालतं. एवढी जुनी समजूत कोंबडीच्या पिलांनी उलटवली, ही गोष्ट मला फार आवडते.

माणसांवरचा मोठा प्रयोग सिंगापूरचा. २००६ साली त्याचा निकाल आला. ४०० मुलं, एका डोळ्यात १ टक्का ॲट्रोपिन किंवा नुसते थेंब, दोन वर्षं. नुसत्या थेंबांच्या डोळ्यांत नंबर १.२० ने वाढला, औषधाच्या डोळ्यांत ०.२८ ने. दणदणीत निकाल. पण १ टक्का औषधाने बाहुली मोठीच राहते, उन्हात डोळे दिपतात, जवळचं वाचता येत नाही. म्हणून त्याच गटाने २०१२ मध्ये ०.५, ०.१ आणि ०.०१ टक्के अशा तीन पातळ मात्रा तपासल्या. ०.०१ टक्के म्हणजे मूळच्या शंभरावा भाग. त्याचाही उपयोग होतो असं दिसलं, त्रास जवळजवळ नाही, आणि थेंब बंद केल्यावर नंबर उसळून वर जाण्याचं प्रमाणही त्यातच सर्वांत कमी. जगभरचे डॉक्टर या मात्रेच्या प्रेमात पडले ते इथे.

या दुसऱ्या प्रयोगात एक भोक होतं. नुसत्या थेंबांचा गटच नव्हता. तिन्ही गटांना औषधच होतं, तुलना केली ती आधीच्या प्रयोगातल्या मुलांशी. आणि तशी तुलना करायचीच, तर लांबीचीही करा ना. आधीच्या प्रयोगात नुसत्या थेंबांच्या डोळ्यांची लांबी दोन वर्षांत ०.३८ मिलिमीटर वाढली होती. ०.०१ टक्केवाल्यांची वाढली ०.४१. म्हणजे नंबर कमी वाढला, पण डोळा तेवढाच लांबला! हा आकडा शोधनिबंधातच छापलेला होता, कोणी लपवला नव्हता. पण ०.०१ टक्के जगभर पोचलं आणि हा आकडा मागेच राहिला.

आता आपल्या अभ्यासाकडे येऊ. आय-ॲटम या नावाने तो ओळखला जातो. दिल्लीच्या एम्समधले रोहित सक्सेना आणि सहकाऱ्यांनी एकापेक्षा जास्त केंद्रांवर तो केला आणि २०२१ साली 'ऑप्थॅल्मॉलॉजी' या नियतकालिकात तो छापून आला. ६ ते १४ वयाची १०० मुलं घेतली, ९२ शेवटपर्यंत राहिली. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना ०.०१ टक्के ॲट्रोपिन, निम्म्यांना नुसते थेंब. एका वर्षाने पाहिलं तर नुसत्या थेंबांच्या मुलांचा नंबर सरासरी ०.३५ ने वाढला होता, औषधाच्या मुलांचा ०.१६ ने. फरक ०.१९. भागिले ०.३५. झाले ५४ टक्के.

या अभ्यासाबद्दल आधी चांगलं बोलायला पाहिजे, कारण ते खरंच चांगलं आहे. सिंगापूर-हाँगकाँगच्या मुलांवरचे निकाल आपल्या मुलांना जसेच्या तसे लावण्यापेक्षा इथल्या मुलांवर प्रयोग करणं, नुसत्या थेंबांचा गट ठेवणं, वाटणी नशिबावर सोडणं, हे सगळं मेहनतीचं काम आहे. आणि त्यांनी लांबीही मोजली, आकडा छापलाही. औषधाच्या गटात ०.२२ मिलिमीटर, दुसऱ्या गटात ०.२८. म्हणजे २१ टक्के कमी. आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, असा त्याचा अर्थ.

इथे बरेच टीकाकार थांबतात आणि म्हणतात, बघा, नंबरात ५४ आणि लांबीत फक्त २१, म्हणजे औषध डोळ्याला थांबवत नाही, नुसता मोजणीत फरक पाडतं. मला ही टीका अर्धीच पटते. हिशोब करून पाहू. लांबीतला फरक ०.०६ मिलिमीटर. एका मिलिमीटरला अडीच नंबर धरले तर ०.१५ नंबर. प्रत्यक्ष नंबरातला फरक ०.१९. म्हणजे दोन्ही मोजमापं जवळपास एकच गोष्ट सांगताहेत! मग टक्क्यांत एवढी तफावत कशी? भागाकारातली खालची संख्या वेगळी आहे म्हणून. लांबीच्या ०.२८ मध्ये या वयातली नैसर्गिक वाढही धरलेली आहे, जी भिंग आपोआप सांभाळून घेतं आणि जिचा नंबर होत नाही. नंबराच्या ०.३५ मध्ये ती नाही. खालची संख्या मोठी असली की टक्के लहान दिसतात, लहान असली की मोठे. सगळी गंमत छेदात आहे.

हेच एकदा हाँगकाँगशी ताडून बघा. तिथल्या लॅम्प नावाच्या प्रयोगात (२०१९, ४३८ मुलं) पहिल्या वर्षी नुसत्या थेंबांच्या मुलांचा नंबर ०.८१ ने वाढला आणि ०.०१ टक्केवाल्यांचा ०.५९ ने. फरक ०.२२. लांबीतला फरक ०.०५ मिलिमीटर. आपल्याकडे ०.१९ आणि ०.०६. म्हणजे भारतात आणि हाँगकाँगात या औषधाने मुलाला मिळणारा फायदा जवळजवळ सारखाच आला. पण हाँगकाँगचे टक्के होतात २७ आणि आपले ५४. का? तिथल्या मुलांचा नंबर मुळातच दुपटीपेक्षा जास्त वेगाने पळत होता. २७ टक्क्यांना तिथल्या संशोधकांनी कमकुवत म्हटलं आणि जास्त मात्रेकडे वळले. तोच फायदा इथे ५४ टक्के होऊन आला आणि आपण खूश झालो.

आता हे ०.१९ हातात घेऊन चष्म्याच्या दुकानात चला. भिंगं पाव-पाव नंबराच्या टप्प्याने मिळतात, ०.२५, ०.५०, ०.७५ अशी. वर्षभर रोज रात्री थेंब टाकून सरासरी जो फरक पडला, तो त्या सर्वांत लहान टप्प्याहूनही कमी आहे. एकाच मुलाचा नंबर सकाळी आणि संध्याकाळी, दोन वेगळ्या माणसांनी काढला तरी एवढा इकडेतिकडे होऊ शकतो. तुम्ही म्हणाल, एका वर्षाचा ०.१९, दहा वर्षांचे दोन नंबर वाचतील की! असा गुणाकार करता येत नाही. या प्रकारच्या उपचारांत पहिल्या वर्षी मिळतो तेवढा फायदा पुढच्या वर्षांत मिळत नाही, आणि मुलाचं वय वाढतं तशी नंबराची वाढ आपणहून मंदावते. आय-ॲटम एका वर्षाचा आहे. थेंब बंद केल्यावर काय होतं, याचं उत्तर तो निकाल देत नाही.

आता माझ्या मते या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट, जिच्याबद्दल मी कुठेच फारसं बोललेलं ऐकलं नाही. अभ्यासात मुलं कोणती घेतली होती? ज्यांचा नंबर आधीच्या वर्षात किमान अर्ध्याने वाढला होता अशी. आणि नुसत्या थेंबांवर, औषधाशिवाय, त्याच मुलांचा नंबर पुढच्या वर्षी किती वाढला? सरासरी ०.३५. काहीही न देता वेग उतरला!

यात जादू काही नाही. आपल्या तालुक्यातली यंदा सगळ्यात जास्त सोयाबीन झालेली शंभर वावरं निवडा आणि पुढच्या वर्षी त्याच वावरांची सरासरी काढा. उतरलेली दिसेल. शेतकरी आळशी झाला म्हणून नाही. यंदाच्या त्या आकड्यात जमिनीच्या कसाबरोबर नशिबाचाही वाटा होता, आणि नशीब दरवर्षी त्याच वावरात येत नाही. मुलांचंही तेच. ज्या वर्षी नंबर उडी मारतो त्या वर्षात थोडी मोजणीतली चूक असते, थोडी वाढीची लाट असते. पुढचं वर्ष बहुतेक वेळा शांत जातं. शिवाय मूल एका वर्षाने मोठं झालेलं असतं, ते वेगळंच.

आता आईबाप डॉक्टरकडे कधी धावतात? नंबराने उडी मारली त्याच वर्षी. म्हणजे त्या वर्षी जे काही सुरू कराल, थेंब, महागडी काच, डोळ्यांचे व्यायाम, अनवाणी गवतावर चालणं, त्रिफळ्याचं पाणी, त्या सगळ्याला पुढच्या वर्षी यश मिळालेलं दिसणार. "आमच्या पोट्टीले तं फरक पडला" असं सांगणारी बाई खोटं बोलत नसते. तिला फरक दिसलेलाच असतो. तो कशामुळे, हे एका मुलीवरून कोणालाच सांगता येत नाही, तिला नाही आणि तिच्या डॉक्टरलाही नाही. नुसत्या थेंबांचा गट लागतो तो याचसाठी.

२०२३ साली अमेरिकेतून आणखी एक निकाल आला. १८७ मुलं, हीच ०.०१ टक्के मात्रा, दोन वर्षं. औषधाच्या गटात नंबर ०.८२ ने वाढला, नुसत्या थेंबांच्या गटात ०.८० ने. फरकच नाही. याचा अर्थ ॲट्रोपिन निकामी, असा काढू नका. लॅम्पमध्येच ०.०५ टक्के मात्रेच्या मुलांचा नंबर वर्षात ०.२७ ने वाढला, ०.८१ च्या तुलनेत. लांबीही ०.४१ ऐवजी ०.२० मिलिमीटर. हा फायदा दुकानातल्या भिंगाच्या दोन टप्प्यांएवढा आहे, याला फायदा म्हणायला मी तयार आहे. पण तो हाँगकाँगच्या झपाट्याने नंबर वाढणाऱ्या मुलांमधला आहे. आपल्याकडच्या संथ चालीत त्यातला किती उरेल, ते इथे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

"संथ चाल" मी उगाच म्हणत नाही. सक्सेना यांच्याच गटाने दिल्लीच्या शाळांत चष्मा लागलेल्या मुलांचा पाठपुरावा केला होता. तो निकाल २०१७ सालचा. वर्षाची सरासरी वाढ ०.२७. निम्म्याहून जास्त मुलांचा नंबर त्या वर्षात वाढलाच नव्हता. हे दिल्ली शहरातलं. उपचाराची जाहिरात मात्र आपल्यापर्यंत टक्क्यांतच येते. नंबर रोखणाऱ्या खास काचांचंही तसंच. हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठ आणि होया कंपनीने मिळून काढलेल्या काचेचा दोन वर्षांचा निकाल २०२० मध्ये आला: साध्या काचेवर ०.८५, खास काचेवर ०.४१. निकाल चांगला आहे, लांबीतही दिसतो. पण ५२ टक्के हा आकडा तिथल्या मुलांच्या वेगावरचा आहे. तुमच्या मुलाचा वेगच वर्षाला पाव नंबर असेल, तर ५२ टक्के म्हणजे अष्टमांश नंबर. त्याची किंमत साध्या चष्म्याच्या किती पट, ते दुकानात विचारा आणि मग ठरवा.

आता आपल्या भागाबद्दल. महाराष्ट्रातल्या मुलांबद्दल मला जो अभ्यास आधाराला घ्यावासा वाटतो, तो पुण्याकडचा आहे, २००९ साली छापलेला. शहरातल्या ५,०२१ आणि ग्रामीण भागातल्या ७,४०१ शाळकरी मुलांची तपासणी. उणे नंबर शहरात ३.१६ टक्के मुलांना, खेड्यात १.४५ टक्के. विदर्भातलं मोठं काम नागपूरजवळच्या खेड्यांतलं आहे, डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे योस्ट योनास यांचं. ४,७११ माणसं, पण सगळी तिशीच्या पुढची. मुलांबद्दल ते काही सांगत नाही, सांगायला ते केलेलंही नव्हतं. आणि दुसरीकडे "२०५० पर्यंत भारतातली निम्मी मुलं चष्म्यात" असं तुम्ही वाचलं असेल. तो ४८ टक्क्यांचा अंदाज २०२१ सालच्या एका शोधनिबंधातला, फक्त शहरी मुलांचा, आणि १९९९ ते २०१९ मधल्या अभ्यासांवरून ओढलेली रेघ पुढे वाढवून काढलेला. बातमीत "शहरी" हा शब्द गळाला आणि "अंदाज" हाही. नांदगावच्या पालकाला घाबरवायला तो आकडा वापरणं चूक आहे.

मग काहीच करायचं नाही का? करायचं. आणि आपल्याकडे जे फुकट आहे त्याचा पुरावा थेंबांपेक्षा वाईट नाही. चीनमधल्या ग्वांगझौ शहरात १२ शाळांवर प्रयोग झाला. सहा शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा, वर्गाबाहेर. तीन वर्षांनी चष्मा लागलेल्या मुलांचं प्रमाण तिथे ३०.४ टक्के, बाकी सहा शाळांत ३९.५. आता माझाच नियम इथेही लावतो: फरक ९ टक्के-अंकांचा आहे, अकरा मुलांमागे एका मुलाचा चष्मा तीन वर्षं तरी लांबला. लांबीत मात्र दोन गटांत ठळक फरक दिसला नव्हता. आणि मोकळ्या उजेडाचा पुरावा चष्मा लागू न देण्याबद्दल जास्त पक्का आहे, लागलेला नंबर रोखण्याबद्दल कच्चा. पण इथे बाटली नाही, दुष्परिणाम नाही, खर्च नाही.

कारण बहुधा उजेड. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स प्रकाश असतो, वर्गात जेमतेम काही शे. तेज प्रकाशात पडद्यात डोपामिन जास्त स्रवतं आणि ते डोळ्याची लांबी वाढायला अटकाव करतं, असा तर्क आहे. तुम्ही म्हणाल, मे महिन्यात ४५ अंशांत पोराला बाहेर काढू काय? मुळीच नाही. उन्हामुळे तर विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. पण तैवानच्या शाळांत पाहिलंय, की झाडाखालचा किंवा मोकळ्या व्हरांड्यातला हजारभर लक्सचा उजेडही कामाचा ठरतो. कडुनिंबाच्या सावलीत तेवढा उजेड आरामात मिळतो. सकाळच्या शाळेची मधली सुट्टी वर्गात डबा खाण्यात न घालवता निंबाखाली घालवली, तरी झालं. आमच्या गावची ओळख तिरंदाजीची आहे. मैदानावर सत्तर मीटरवरचं लक्ष्य पाहणारी पोरं इथे रोज दिसतात. त्याच गावात नवोदय आणि स्कॉलरशिपच्या नादात दहा वर्षांची लेकरं शाळेतून ट्यूशनला आणि ट्यूशनमधून ट्यूबलाइटखाली जातात. चष्मा लागायचं वय नेमकं तेच.

आणि एक जुनी सवय सोडा. "पूर्ण नंबर देऊ नका, थोडा कमीच द्या, म्हणजे डोळ्याला आळस चढत नाही." मलेशियात ९४ मुलांवर हे करून पाहिलं, निकाल २००२ साली आला. मुद्दाम पाऊण नंबर कमी दिलेल्या मुलांचा नंबर दोन वर्षांत १.०० ने वाढला, पूर्ण चष्मा दिलेल्यांचा ०.७७ ने. कमी चष्म्याने फायदा तर नाहीच झाला.

मला या सगळ्या चर्चेतलं खरं भोक वेगळंच वाटतं. पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण माध्यमिक शाळांत मुलांना चष्मे दिले होते. नंतर जाऊन पाहिलं, तर भेटलेल्या १,०१८ मुलांपैकी चष्मा डोळ्यावर होता ३०० जणांच्या. २९.५ टक्के. हा अभ्यास २०१३ चा. बाकीच्यांचा घरी होता, तुटला होता, हरवला होता, किंवा पोरं चिडवतात म्हणून दप्तरात होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम त्याच वर्षी आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याची पथकं शाळांत येतात, डोळेही पाहतात. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना मोफत चष्मे मिळतात. पण चष्मा मिळाल्यावर तो नाकावर आहे का, हे सहा महिन्यांनी कोण पाहतं? ज्या मुलीला तिसऱ्या बाकावरून फळा दिसत नाही, तिच्यासाठी ०.०१ की ०.०५ हा वाद फार पुढचा आहे.

थेंब सुरू करायला डॉक्टरांनी सांगितलंच असेल, तर विचारा: मुलाचा नंबर गेल्या दोन वर्षांत किती वाढला, एकाच वर्षात नव्हे? डोळ्याची लांबी मोजली का, किती मिलिमीटर? मात्रा कोणती आणि तीच का? थांबवायचे कधी आणि कसे? लांबी मोजायचं यंत्र गावात नसतं, आमच्याकडून अमरावती गाठावी लागते. पण वर्षातून एकदा, त्याच यंत्रावर, त्याच महिन्यात मोजलं तर तो आकडा नंबरापेक्षा जास्त भरवशाचा असतो, आणि फाईलमध्ये लिहून घेतला तर दुसऱ्या डॉक्टरलाही उपयोगी पडतो.

आय-ॲटमच्या पुढचा अभ्यास कसा असावा असं मला कोणी विचारलं, तर मी तो मोठ्या रुग्णालयात चालून आलेल्या मुलांवर करणार नाही. रुग्णालयात येतात ती उडी मारलेलीच मुलं. अमरावती, अकोला, यवतमाळच्या तालुक्यांतल्या शाळा घ्याव्यात, चिठ्ठ्या शाळांच्या टाकाव्यात. काही शाळांत पूर्ण नंबराचा चष्मा आणि तो घालतात का याची दरमहा नोंद, काहींत त्याच्या जोडीला रोज ४० मिनिटं निंबाखाली, काहींत चष्म्याबरोबर थेंब. तीन वर्षं, आणि थेंब बंद केल्यावर आणखी एक. मोजायची लांबी, आणि निकाल छापताना टक्के नंतर, मिलिमीटर आधी.